थायरॉइड कॅन्सरच्या सेल्स काय खातात, काय टाकतात: मेटाबॉलिझम मोजायचाय तर सुरुवात कुठून करायची

एमएससी आटपली, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागली आणि आता थायरॉइड कॅन्सरच्या मेटाबॉलिझमवर काम करायचंय, अशी मुलंमुली मुंबईत परळ ते खारघर पट्ट्यात बरीच भेटतात आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, सीहॉर्स (सेल्स किती ऑक्सिजन घेतात, किती आम्ल सोडतात ते मोजणारं मशीन) कुठे वापरायला मिळेल. मशीनचं नंतर बघू. आधी तुम्हाला नक्की काय विचारायचंय ते ठरवा, कारण "मेटाबॉलिझम बघायचाय" एवढ्यावर काम सुरू केलं की हातात एक रंगीत हीटमॅप येतो आणि मग त्याचं काय करायचं ते गाइडलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

थायरॉइडमधे चांगला प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. नीट डिफरन्शिएटेड थायरॉइड सेल एनआयएस नावाच्या ट्रान्सपोर्टरने रक्तातलं आयोडाइड आत ओढते, रेडिओआयोडीनची सगळी ट्रीटमेंट याच एका गोष्टीवर उभी आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, वाशीला ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत आयोडीन-१३१ ची औषधं तयार होतात, म्हणजे हा विषय आपल्या शहरात अगदी घरचा आहे. तर काही पेशंटमधे गाठ पुढे आयोडीन घेईनाशी होते आणि त्याच सुमाराला एफडीजी (किरणोत्सारी खूण लावलेलं, ग्लुकोजसारखं रसायन) पेट स्कॅनवर झळकायला लागते, याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. मग विचारा, बीरॅफ या वाढीचा सिग्नल देणाऱ्या जीनमधे व्ही६००ई म्युटेशन असलेल्या सेल्समधे बीरॅफचा सिग्नल औषधाने दाबला तर ग्लुकोजचा वापर उतरतो का, एनआयएस परत येतो का, आणि आधी काय होतं? हा मोजता येणारा प्रश्न झाला.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. एफडीजी सेलमधे शिरतं, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं आणि पुढे ते जाऊ शकत नाही, अडकून बसतं. म्हणजे स्कॅनवर दिसतात त्या फक्त पहिल्या दोन पायऱ्या. ग्लुकोज आत आल्यावर त्याचं लॅक्टेट झालं, मायटोकॉन्ड्रियात गेलं, की रायबोज होऊन डीएनएत गेलं, यातलं काहीही स्कॅन सांगत नाही. म्हणून "पेट पॉझिटिव्ह आहे म्हणजे वॉरबर्ग इफेक्ट" असं थीसिसमधे लिहू नका, वॉरबर्ग इफेक्ट म्हणजे ऑक्सिजन असूनही ग्लुकोजचं लॅक्टेट करणं.

आता सेल्स. २००८ साली ४० थायरॉइड कॅन्सर सेल लाइन्सचं (लॅबमधे पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या सेल्स) डीएनए प्रोफाइल तपासलं तेव्हा त्यातल्या फक्त २३ वेगवेगळ्या निघाल्या. एआरओ ही अ‍ॅनाप्लास्टिक (सगळ्यात आक्रमक) थायरॉइड कॅन्सर म्हणून वर्षानुवर्षं वापरली, ती निघाली एचटी-२९, म्हणजे कोलन कॅन्सर. एनपीए आणि डीआरओ या मेलानोमाच्या निघाल्या. त्यांच्यावर छापलेले पेपर अजून सर्चमधे वर येतात आणि नवीन माणूस त्यावरून प्लॅन बनवतो, मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्यात कुणाची तरी फेलोशिपची वर्षं जातात. तेव्हा शेजारच्या लॅबमधल्या मित्राने प्रेमाने फ्लास्क दिला तरी एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणं) केल्याशिवाय एकही प्रयोग करायचा नाही. पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीत हवी ती लाइन आहे का ते आधी विचारा, नसेल तर बाहेरून मागवताना परवानग्या आणि कस्टम्सचा वेळ धरूनच चाला.

कोणत्या लाइन्स घ्यायच्या? टीपीसी-१ मधे रेट-पीटीसी१ फ्यूजन (दोन जीन जोडले गेलेले) आहे, के१ आणि बीसीपॅपमधे बीरॅफ व्ही६००ई, एफटीसी-१३३ मधे पीटेन हा वाढीला ब्रेक लावणारा जीन गेलेला, ८५०५सी अ‍ॅनाप्लास्टिक आणि त्यातही बीरॅफ व्ही६००ई, कॅल-६२ अ‍ॅनाप्लास्टिक पण केरास म्युटेशनवाली. टीटी ही मेड्युलरीची, म्हणजे कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी-सेल्सपासून आलेली, ती फार हळू वाढते आणि तिचा आयोडीनशी संबंध नाही, तिला वरच्यांच्या रांगेत बसवून तुलना करू नका. बीसीपॅपवर पॅपिलरीचं (थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) लेबल असलं तरी तिचं पी५३ पण म्युटेटेड आहे, तेव्हा साध्या पॅपिलरी गाठीचं वागणं तिच्याकडून अपेक्षित धरू नका. आणि सगळे "नॉर्मल" म्हणून घेतात ती एनथाय-ओरी ३-१ ही एसव्ही४० व्हायरसच्या जीनने अमर केलेली आहे, म्हणजे पी५३ आणि आरबी दोन्हीचे ब्रेक निकामी. ती भराभर वाढते, भराभर ग्लुकोज खाते, आणि मग कॅन्सरमधे फरकच दिसत नाही म्हणून लोक चक्रावतात. माझं मत विचाराल तर नॉर्मल विरुद्ध कॅन्सर या तुलनेच्या मागे लागू नका, एकाच लाइनमधे एक गोष्ट चालू-बंद करून बघा, उत्तर जास्त स्वच्छ मिळतं.

मायकोप्लाझ्मा या कल्चरमधे शिरणाऱ्या सूक्ष्म बॅक्टेरियाची पीसीआर महिन्यातून एकदा, न चुकता. मायकोप्लाझ्मा मीडियममधलं (सेल्स ज्या पोषक द्रवात वाढतात त्यातलं) आर्जिनिन खातो, न्यूक्लिओसाइड्स खातो, स्वतःचं अ‍ॅसिड सोडतो, तुम्ही मोजताय तो मेटाबॉलिझम अर्धा त्याचाच असतो आणि मायक्रोस्कोपखाली काहीही दिसत नाही. पावसाळ्यात बुरशीचा त्रास वेगळा, जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमधे कॉपर सल्फेट आणि आठवड्याची पुसापुशी दोन्ही लागतं, आणि रेनकोट, ओली छत्री कल्चर रूमच्या बाहेर म्हणजे बाहेरच.

मीडियमकडे कुणी बघतच नाही. आरपीएमआयमधे ग्लुकोज साधारण ११ मिलिमोलर, हाय ग्लुकोज डीएमईएममधे २५, आणि उपाशीपोटी आपल्या रक्तात ५ च्या आसपास. एक लाइन आरपीएमआयमधे आणि दुसरी डीएमईएममधे वाढवून "हिचं ग्लायकोलिसिस जास्त" (ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोज तोडायच्या पहिल्या पायऱ्या) म्हणणं चुकीचं आहे, तुम्ही जेवणच वेगळं वाढलंय. बऱ्याच डीएमईएममधे १ मिलिमोलर पायरुवेट असतं, तेही बघा. सीरममधूनही ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो अ‍ॅसिड्स येतात, म्हणून नेमकं मोजायचं असेल तेव्हा डायलाइज्ड सीरम, म्हणजे हे छोटे रेणू काढून टाकलेलं. सगळ्या लाइन्स एकाच मीडियमवर आणा, दोन-तीन पॅसेज (नव्या फ्लास्कमधे हलवणं) तिथे रुळू द्या, मग प्रयोग. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन) घालणार असाल तर आधी त्या लाइनमधे टीएसएचचा रिसेप्टर उरलाय का ते तपासा, बहुतेक लाइन्समधे तो आणि एनआयएस जवळजवळ गेलेला असतो.

आता पहिला प्रयोग, आणि हा कुठल्याही साध्या लॅबमधे होतो. ग्लुकोज किती गेलं, लॅक्टेट किती आलं. ग्लुकोजला पॅथॉलॉजी लॅबमधे असतं तेच जीओडी-पीओडी किट चालतं, लॅक्टेटचं एन्झाइम किट वेगळं घ्यावं लागतं. स्टँडर्ड कर्व्ह पाण्यात करू नका, त्याच मीडियममधे करा, कारण फिनॉल रेडचा रंग रीडिंगमधे मिसळतो, किंवा सरळ फिनॉल रेड नसलेलं मीडियम वापरा. सिक्स-वेल प्लेटमधे २ मिली मीडियम, आणि सेल्स नसलेल्या तीन वेल्स त्याच इन्क्युबेटरमधे तेवढाच वेळ ठेवायच्या, म्हणजे बाष्पीभवन किती झालं आणि सीरममधलं मूळ लॅक्टेट किती होतं ते वजा करता येतं.

हिशोब करून दाखवतो. समजा २४ तासांत ग्लुकोज ११ वरून ६ मिलिमोलरवर आलं, म्हणजे २ मिलीमधे १० मायक्रोमोल गेलं. लॅक्टेट ब्लँक वजा करून ८ मिलिमोलर, म्हणजे १६ मायक्रोमोल. एका ग्लुकोजमधून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट होतात, म्हणजे कमाल २० झालं असतं, १६ झालं, साधारण ८० टक्के ग्लुकोज लॅक्टेट होऊन बाहेर पडलं. साधारण म्हणतोय कारण थोडं लॅक्टेट ग्लुटामिनमधूनही येऊ शकतं. लॅक्टेट भागिले ग्लुकोज, इथे १.६, हा आकडा दोनच्या वर गेला तर कुठेतरी गडबड आहे, आधी ब्लँक बघा. आता दर सेलमागे किती? इथे लोक शेवटच्या काउंटने भागतात आणि फसतात. सुरुवातीला ५ लाख सेल्स होत्या, शेवटी १० लाख, तर दिवसभर १० लाख नव्हत्याच ना. वाढ सतत दुपटीची धरली तर सरासरी निघते ५ लाख भागिले ०.६९३, म्हणजे सुमारे ७.२ लाख. त्याने भागा, मग २४ तासांनी भागा, ग्लुकोज साधारण ०.५८ पिकोमोल दर सेल दर तास येतं. हळू वाढणारी आणि वेगात वाढणारी लाइन शेजारी ठेवताना हे केलं नाही तर वेगात वाढणारी उगाचच कमी खाणारी दिसते.

आणि सेल मोजायला एमटीटी नावाची रंगाची टेस्ट नको, हे मी परत परत सांगतो. एमटीटीचा जांभळा रंग सेलमधली डिहायड्रोजिनेज आणि एनएडीएच बनवतात, म्हणजे तो स्वतःच मेटाबॉलिझमची टेस्ट आहे. तुम्ही ग्लायकोलिसिस दाबणारं औषध दिलं, रंग अर्धा झाला, सेल्स मेल्या म्हणून लिहिलं, आणि खरं तर सगळ्या जिवंत आहेत, फक्त एनएडीएच कमी झालंय. ट्रायपॅन ब्लू लावून हाताने मोजा, किंवा डीएनएचा डाय, किंवा एसआरबी, तो प्रोटीनला चिकटतो. अ‍ॅक्ट्रेकमधे (टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र) औषधांच्या स्क्रीनिंगला एसआरबीच वापरतात.

अजून एक स्वस्त आणि फार बोलकी टेस्ट आहे, गॅलॅक्टोजची. ग्लुकोज नसलेलं मीडियम, त्यात १० मिलिमोलर गॅलॅक्टोज, डायलाइज्ड सीरम. गॅलॅक्टोजमधून ग्लायकोलिसिस इतकं संथ चालतं की सेलला एटीपीसाठी मायटोकॉन्ड्रियावर भिस्त ठेवावीच लागते, ज्यांचा मायटोकॉन्ड्रिया बिघडलेला त्या एक-दोन दिवसांत मान टाकतात. थायरॉइडमधे याचं महत्त्व जास्त, कारण ज्याला आधी हर्थल सेल म्हणायचे आणि डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या वर्गीकरणात ऑन्कोसायटिक नाव आलं, त्या गाठींत मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात पण बऱ्याचदा त्यांच्या डीएनएतच कॉम्प्लेक्स १ ची (श्वसनसाखळीतली पहिली पायरी) म्युटेशन्स असतात. एक्सटीसी-यूसी१ ही लाइन तशीच, कॉम्प्लेक्स १ आणि ३ दोन्हीत बिघाड, आणि गॅलॅक्टोजमधे ती टिकत नाही. मायटोकॉन्ड्रिया मोजून कामाचा अंदाज बांधायचा नाही, एवढं या एका टेस्टने कळतं.

एवढं झालं की मग सीहॉर्स. आदल्या दिवशी सेन्सर कार्ट्रिज कॅलिब्रंटमधे भिजवून ३७ डिग्रीला, सीओटू नसलेल्या इन्क्युबेटरमधे. ९६ वेलच्या प्लेटमधे ८० मायक्रोलिटरमधे सेल्स लावा, चार कोपऱ्यांच्या वेल्स सेल्सशिवाय बॅकग्राउंडला, आणि लावल्यावर लगेच इन्क्युबेटरमधे ढकलू नका, तासभर बाहेर हूडमधेच राहू द्या, नाहीतर सेल्स कडेला गोळा होतात आणि रीडिंग वर-खाली येतं. किती सेल्स लावायच्या हे प्रत्येक लाइनचं वेगळं, १०,००० पासून ३०,००० पर्यंत एकदा चढत्या क्रमाने लावून बघाच. रनच्या दिवशी बफर नसलेलं, पीएच ७.४ चं मीडियम, १८० मायक्रोलिटर, आणि पाऊण ते एक तास सीओटूशिवाय. मग मायटोकॉन्ड्रियावर काम करणारी औषधं एकामागून एक: ऑलिगोमायसिन (एटीपी बनणं थांबवतं), एफसीसीपी (श्वसन कमाल वेगाला नेतं), शेवटी रोटेनोन आणि अँटीमायसिन (श्वसन बंद करतात). एफसीसीपीचा डोस दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, ०.२५ ते २ मायक्रोमोलर स्वतःच्या सेल्सवर चढवून बघा, जास्त झालं तर श्वसन वाढण्याऐवजी पडतं आणि तुम्ही "स्पेअर कपॅसिटी नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होता. ईकार (मीडियम किती वेगाने आम्ल होतं तो सीहॉर्सचा आकडा) म्हणजे लॅक्टेट असंही समजू नका, मायटोकॉन्ड्रियातून निघालेला सीओटू पाण्यात विरघळून अ‍ॅसिडच होतो आणि तोही त्यातच मोजला जातो. म्हणून आधीचा लॅक्टेटचा प्रयोग हवा, तो शेजारी ठेवला की ईकार वाचता येतो. रन संपल्यावर त्याच प्लेटमधे हेक्स्ट हा डीएनएचा डाय घालून सेल्स मोजा आणि त्यावर नॉर्मलाइज करा.

आता खरा मुद्दा. मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) सिट्रेट दुप्पट दिसलं म्हणून क्रेब्स सायकल (सिट्रेट ज्यात बनतं ते मायटोकॉन्ड्रियातलं चक्र) जोरात चाललंय असं होत नाही. दादरला फलाट तुडुंब भरलेला दिसला तर जास्त लोक आले म्हणूनही असेल किंवा गाड्या बंद पडल्या म्हणूनही असेल, फलाटाच्या फोटोवरून ते कळत नाही. साठा आणि प्रवाह वेगळे, आणि प्रवाह बघायचा तर कार्बन-१३ (थोडा जड कार्बन) लावलेलं ग्लुकोज किंवा ग्लुटामिन द्यावं लागतं. सहाही कार्बन जड असलेलं ग्लुकोज दिलं की पायरुवेट आणि लॅक्टेट तीन जड कार्बनचं येतं, पायरुवेट डिहायड्रोजिनेजमधून गेलं तर सिट्रेट दोनचं, पायरुवेट कार्बोक्सिलेजमधून गेलं तर तीनचं. पाचही कार्बन जड असलेलं ग्लुटामिन दिलं तर सरळ फिरलेल्या सायकलचं सिट्रेट चारचं आणि उलट्या दिशेने, रिडक्टिव्ह मार्गाने आलेलं पाचचं. ग्लायकोलिसिसचं लेबलिंग काही मिनिटांत स्थिर होतं, क्रेब्सला तास लागतात, न्यूक्लिओटाइड्सना जवळपास दिवस. आणि निसर्गातच १.१ टक्का कार्बन-१३ असतो, सहा कार्बनच्या सिट्रेटमधे एक जड कार्बन असलेले रेणू लेबल न देताही सहा टक्क्यांच्या आसपास दिसतात, ते करेक्शन केल्याशिवाय कुठलाही बार ग्राफ काढू नका.

यात जीव आहे तो सेल्स थांबवण्याच्या क्षणात. एटीपी काही सेकंदांत बदलतो, त्यामुळे ट्रिप्सिन घालून, स्पिन करून, मग एक्स्ट्रॅक्ट केलेल्या सेल्स या वेगळ्याच सेल्स झालेल्या असतात. असं करा: ड्राय आइसवर स्टीलचा ट्रे, त्याच्या शेजारी उणे ८० ला थंड केलेलं ८० टक्के मिथेनॉल, आणि इन्क्युबेटरमधून एका वेळी एकच डिश काढायची, सगळ्या बाहेर काढून रांगेत मांडायच्या नाहीत. मीडियम सक्शनने ओढा, एकदा सलाइनने झटकन धुवा, पीबीएस नको कारण त्यातलं फॉस्फेट मास स्पेकमधे सिग्नल दाबतं, परत ओढा, लगेच मिथेनॉल आणि डिश ड्राय आइसवर. झाकण उघडल्यापासून मिथेनॉल पडेपर्यंत दहा-पंधरा सेकंद. आदल्या दिवशी रिकाम्या डिशवर हात बसवून घ्या. मग स्क्रॅपरने खरवडून, ४ डिग्रीला स्पिन करून, वरचं सुकवून उणे ८० ला. सेल मोजायला तशाच तीन डिश वेगळ्या ठेवा.

मशीनसाठी पवईच्या आयआयटीत सैफ आहे, तिथे बाहेरच्यांना इन्स्ट्रुमेंटवर वेळ मिळतो, एनएमआरसाठी कुलाब्याला टीआयएफआरमधे हाय फील्डची नॅशनल फॅसिलिटी आहे. सँपल बनवण्याआधी ऑपरेटरशी बोला, सर किंवा मॅडम, जे असतील ते, त्यांना कॉलम कोणता, किती व्हॉल्यूम, कशात विरघळवून हवं ते विचारा, सँपल घेऊन दारात उभं राहून विचारू नका. सगळ्या सँपलमधून थोडं थोडं काढून एक पूल बनवा आणि तो रनमधे अधूनमधून घाला, मशीन सरकलं तर त्यातून कळतं. ड्राय आइसचा डबा कधीही हवाबंद करायचा नाही, गॅस साठून फुटतो, आणि गाडीने नेताना काच थोडी उघडी ठेवा, एसी लावून बंद गाडीत तो सीओटू तुमच्याच नाकात जातो. पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघून दिवस ठरवा, हिंदमाताला पाणी भरलं की परळमधून गाडी निघणं मुश्कील आणि तेवढ्यात ड्राय आइस उडून जातो.

औषधांबद्दल थोडक्यात. टू-डीजी हे नकली ग्लुकोज ग्लायकोलिसिस दाबतं पण प्रोटीनवर साखर चढवण्याचं कामही बिघडवतं, मॅनोज देऊन परिणाम परत फिरतो का बघितल्याशिवाय ग्लायकोलिसिसचं नाव घेऊ नका. मेटफॉर्मिन प्लेटमधे ५ ते १० मिलिमोलर घालतात, पेशंटच्या रक्तात ते काही मायक्रोमोलर ते काही दहा मायक्रोमोलर असतं, हा फरक लिहा. चरबी जाळणं थांबवणारं एटोमॉक्सिर २०० मायक्रोमोलरला घातलं तर ते कॉम्प्लेक्स १ लाच धक्का लावतं. आणि एन (प्रयोगांची संख्या) म्हणजे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर केलेले प्रयोग, एकाच प्लेटमधल्या सहा वेल्स नव्हे.

शेवटी ऑपरेशनचा टिश्यू, कारण कधी ना कधी तिथे जावंच लागतं. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय ओटीच्या दारात जायचं नाही, कन्सेंट पेशंटच्या भाषेत, आणि वेळ देऊन. पेशंट मावशी विचारतात, "माझी गाठ घेऊन तू काय करणार गं, मला काय कळणार त्यातून?" तेव्हा खरं सांगायचं, मावशी, तुमच्या ट्रीटमेंटमधे याने काही बदल होणार नाही, पुढच्या पेशंटसाठी आम्ही शिकतोय, आणि नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही. टिश्यूवर पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा. फॉलिक्युलर कॅन्सरचं निदानच गाठीच्या कॅप्सूलमधून किंवा रक्तवाहिनीत शिरकाव झालाय का यावर ठरतं, तेव्हा तुमच्या तुकड्यासाठी कॅप्सूलला कात्री लागली तर पेशंटचं निदान धोक्यात येतं. तुकडा कुठून घ्यायचा ते पॅथॉलॉजिस्टच सांगतील आणि तेच कापतील.

आणि सर्जनने रक्तवाहिनी बांधल्यापासून गाठ बाहेर येईपर्यंत तिला रक्त नसतं, ग्लुकोज उतरतं, लॅक्टेट चढतं, त्यामुळे गोठवलेल्या तुकड्यातलं जास्त लॅक्टेट कॅन्सरचं की बांधलेल्या धमनीचं हे सांगता येत नाही. वाहिनी बांधल्याची वेळ आणि लिक्विड नायट्रोजनमधे टाकल्याची वेळ, दोन्ही ट्यूबवर लिहा, फार फरक असलेले सँपल वेगळे काढा. शेजारचा नॉर्मल भाग घेतलात तर त्याची स्लाइड बघून घ्या, पॅपिलरीच्या बऱ्याच पेशंटना हाशिमोटो असतो आणि मग नॉर्मल म्हणून आणलेल्या तुकड्यात निम्म्या लिम्फोसाइट्स असतात, त्याही ग्लुकोज खाणाऱ्या. अशा टिश्यूत मी मेटाबोलाइटपेक्षा ग्लट१ (ग्लुकोज आत आणणारं प्रोटीन), एनआयएस, एलडीएचए (लॅक्टेट बनवणारं) यांचं स्टेनिंग आधी करायला सांगतो, कारण प्रोटीन तेवढ्या मिनिटांत फारसं हलत नाही आणि कुठल्या सेलमधे आहे तेही डोळ्यांना दिसतं, आणि त्या स्लाइड वाचायला परत त्याच पॅथॉलॉजिस्टकडे जायचंय, तेव्हा त्यांना कामात पहिल्या दिवसापासून धरा आणि पेपरवर त्यांचं नाव घाला.